भोंगा आणि कोयता

सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याला हंगामात दोन तऱ्हेचे कामगार लागतात. पहिला भोंग्यावर येतो. त्याचे नाव हजेरीपटावर असते, त्याची पाळी ठरलेली असते, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो आणि दिवाळीला बोनस मिळतो. दुसरा कोयता घेऊन येतो. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून तो दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, कारखान्याच्या आसपास कोपी उभारतो आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत जातो. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ते मुकादमाच्या वहीत असते. नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कामगार संघटनांचा आणि संपांचा इतिहास प्रामुख्याने या दोघांचा आहे. दोघेही एकाच गव्हाणीवर राबत असले तरी त्यांच्या संघटना वेगळ्या झाल्या, त्यांना लागू होणारे कायदे वेगळे झाले आणि त्यांच्या संपाची रीतही वेगळी झाली.

महाराष्ट्रात कामगार संघटनेची सुरुवात मुंबईच्या गिरण्यांत झाली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० च्या जूनपासून गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९२० मध्ये मुंबईतच आयटक या अखिल भारतीय कामगार महासंघाची स्थापना झाली, १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला आणि १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाने गिरणगावात लाल बावट्याचे बस्तान बसले. नगर जिल्ह्यात तोवर कारखाने असे फारसे नव्हतेच. ते आले पाण्यापाठोपाठ.

१९२६ मध्ये प्रवरेवरचे भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यातील दुष्काळी जमिनींना बारमाही पाणी मिळाले. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसामागे खासगी साखर कंपन्या आल्या. हरेगावला बेलापूर कंपनी आली, टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स आली आणि कोपरगाव तालुक्यात साकरवाडी व लक्ष्मीवाडीला करमशी जेठाभाई सोमय्या यांची गोदावरी शुगर मिल्स आली. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पुढे ‘खंडकरी’ हे नाव पडले. कंपनीच्या मळ्यांवर आणि कारखान्यात राबायला बाहेरून माणसे आली. त्यांत भूमिहीन दलित, ख्रिस्ती झालेली कुटुंबे आणि दुष्काळी तालुक्यांतील कुणबी होते. मतमाउलीच्या यात्रेमुळे आज ओळखले जाणारे हरेगाव हे त्या काळात कंपनीचे गाव होते. घर कंपनीचे, दवाखाना कंपनीचा, कामावरून काढून टाकण्याचा अधिकारही कंपनीचाच. काम गेले की घरही जायचे. असा माणूस एकट्याने तक्रार करायला धजत नाही. साखर कामगाराची संघटना या भीतीतून उभी राहिली.

या पट्ट्यात चळवळीचे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. एक लाल बावट्याचा, दुसरा आंबेडकरी. १९३९ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरेगावला महार वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते. त्याच्या वर्षभर आधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला होता. संप मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध होता. या विधेयकाने समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी संप करणे बेकायदा ठरणार होते. बाबासाहेबांचे म्हणणे स्पष्ट होते. काम करायचे की नाही हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मजुराकडून काढून घेतले, तर त्याच्या गुलामीला कायद्याचा आधार मिळतो. विधेयक संमत झाले. त्याच वळणावरचा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा पुढे साखर धंद्यालाही लागू झाला आणि नगरच्या साखर कामगाराच्या संघटनेला आकार देण्यात त्याचा वाटा फार मोठा ठरला.

या कायद्याचे सूत्र असे होते. ज्या युनियनकडे ठरावीक प्रमाणात सभासद असतील तिला ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता मिळायची, आणि मालकाशी बोलण्याचा हक्क तिचाच. संपाआधी नोटीस, मग समेट, मग लवाद. कामगाराच्या दृष्टीने यात फायदा होता, कारण मालकाला चर्चेला बसणे भाग पडायचे. तोटाही तितकाच होता. मान्यता एकदा एका युनियनकडे गेली की बाकीच्यांच्या पाठीशी कितीही माणसे असली तरी त्यांना टेबलावर जागा नसायची. मुंबईत १९८२ साली दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागे हीच खदखद होती. साखर पट्ट्यात इतका मोठा स्फोट झाला नाही. कारण इथे दरम्यान मालकच बदलला होता.

१९५० च्या अखेरीस लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील यांची जिद्द, धनंजयराव गाडगीळ यांचे अर्थशास्त्र आणि वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा यांतून तो उभा राहिला. आपल्या उसाचा भाव खासगी कंपनीने ठरवायचा, हे शेतकऱ्याला मान्य नव्हते. पाठोपाठ जिल्ह्यात संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर अशी साखळीच तयार झाली. मुळा नदीवर बारागाव नांदूरला धरण झाले, उजव्या कालव्याचे पाणी नेवासा तालुक्यात आले आणि सत्तरच्या दशकात यशवंतराव गडाख यांच्या पुढाकाराने सोनईला मुळा कारखाना उभा राहिला. त्याच तालुक्यात भेंड्याला मारुतराव घुले पाटलांचा ज्ञानेश्वर कारखाना आहे. एका तालुक्यात दोन कारखाने म्हटल्यावर घरटी एखादा तरी माणूस कारखान्यात, नाहीतर एखादे तरी शेत कारखान्याकडे नोंदलेले, अशी परिस्थिती झाली.

शेतकऱ्याला याचा अभिमान वाटणे योग्यच होते. पण संपाच्या अंगाने पाहिले तर सहकाराने एक अवघड गोष्ट घडवली. हरेगावात मालक कोण हे कामगाराला ठाऊक होते. तो मुंबईत राहणारा, ऑफिसातून हुकूम पाठवणारा. सोनईसारख्या गावात मालक म्हणजे ऊस उत्पादक सभासद, आणि तो सभासद म्हणजे कधी कामगाराचा बाप, कधी चुलता, कधी सासरा. बॉयलिंग हाउसमधल्या तरुणाने जानेवारीत काम थांबवायचे ठरवले तर शेतात उभा राहणारा ऊस त्याच्याच घरचा असतो. आडसाली उसाची तोड लांबली की त्याला तुरा येतो, वजन घटते, उतारा घटतो. तोडलेला ऊस तर रोज सुकतच जातो. म्हणून सहकारी कारखान्यांत दारावरचे लांबलचक संप कमी झाले. नोटीस द्यायची, काळ्या फिती लावायच्या, द्वारसभा घ्यायची, आणि खरी बोलणी पुण्या-मुंबईत करायची, अशी रीत पडली. ज्या चेअरमनपुढे मागणी ठेवायची, तोच पुष्कळदा आमदार, बँकेचा संचालक आणि मुलाच्या शाळेचा संस्थापक. त्याच्यासमोर उभे राहून ‘नाही’ म्हणायला गिरणगावातल्यापेक्षा वेगळे धैर्य लागते.

असे असले तरी संघटनेने जे मिळवले ते मोठे आहे. साखर धंद्यासाठी केंद्र सरकारचे पहिले वेतन मंडळ १९५७ मध्ये नेमले गेले. त्यानंतर आणखी मंडळे झाली आणि नंतर महाराष्ट्रात त्रिपक्ष समितीची पद्धत रुळली. शासन, कारखान्यांचा संघ आणि कामगारांच्या संघटना एकत्र बसतात आणि राज्यातील सगळ्या कारखान्यांसाठी एकच वेतनकरार करतात. २०२१ च्या करारात १२ टक्के आणि २०२५ च्या करारात १० टक्के वेतनवाढ ठरली. हंगामी कामगारासाठी मिळवलेली एक तरतूद बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. कारखाना वर्षातून चार-पाच महिनेच चालतो. मग पॅनमन, फायरमन, केनयार्डवरचा मजूर यांनी उरलेले महिने काय खायचे? त्यासाठी ‘रिटेन्शन’ मिळते. बिगर हंगामात घरी बसलेल्या हंगामी कामगाराला पगाराचा ठरावीक हिस्सा द्यायचा, म्हणजे तो पुढच्या हंगामात त्याच जागेवर परत येतो. कुशल कामगाराला जास्त हिस्सा, अकुशलाला कमी. कारखान्याला अनुभवी माणूस मिळतो आणि माणसाला पावसाळा काढता येतो. मजुराच्या बेकारीच्या दिवसांचीही किंमत असते, हे या तरतुदीने मान्य केले. कोयतेवाल्याच्या वाट्याला ती कधीच आली नाही.

कराराच्या या पद्धतीत एक कच्चा दुवा आहे. करार राज्याचा असतो, पगार मात्र त्या त्या कारखान्याच्या तिजोरीतून निघतो. राहुरीचा डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे कारखाना कर्जात बुडून बंद पडला, तेव्हा तिथल्या कामगारांना नव्या वेतनवाढीचा काय उपयोग होणार होता? आधीच्या थकलेल्या पगारासाठी आणि इतर देण्यांसाठीच त्यांना धरणे धरावे लागले. चालू कारखान्यात काम बंद करणे हे हत्यार असते. बंद कारखान्यात कामगाराकडे थांबवायला काही उरतच नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या आजारपणाचा हा भाग ताळेबंदाच्या चर्चेत मागे पडतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरची माणसे आयुष्यभराच्या ग्रॅच्युइटीसाठी मंडपात सतरंजीवर बसून असतात.

हरेगाव-साकरवाडीकडच्या जुन्या कंपन्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे स्वतंत्र प्रकरण आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने सरकारने त्या ताब्यात घेतल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे दिल्या. कंपन्या न्यायालयात गेल्या. गोदावरी शुगर मिल्सचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९७५ मध्ये कायदा वैध ठरला. आता मळ्यावरचा मजूर सरकारी महामंडळाचा कामगार झाला. त्याच्या संघटना झाल्या, मोर्चे निघाले. त्याच वेळी खंडकरी शेतकरी आपली मूळ जमीन परत मागत होते. कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांनी हा लढा कित्येक वर्षे चिकाटीने चालवला आणि २०१२ नंतर जमिनी परत मिळू लागल्या. पण जमीन खंडकऱ्याला परत गेली की महामंडळाच्या मजुराचे काम संपत होते, आणि काम संपले की चाळीतली खोलीही जाण्याची भीती होती. त्यामुळे घरासाठी दोन गुंठे जागा ही या कामगारांची मागणी झाली. दोन्ही बाजूंचा हक्क खरा होता. तीन पिढ्या त्या मातीत राबलेल्या माणसाला दोन गुंठ्यांसाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात, ही गोष्ट मात्र कुणालाही बोचावी अशी आहे.

या सगळ्या काळात डाव्या चळवळीला जिल्ह्यात भक्कम आधार होता. संगमनेर तालुक्यातील दत्ता देशमुख हे शेतकरी कामगार पक्षाच्या उभारणीत होते आणि पुढे लाल निशाण पक्षाचे नेते झाले. शेतमजूर, साखर कामगार आणि पाणीवाटप हे तिन्ही प्रश्न एकच आहेत, ही त्यांची मांडणी. धरणाचे पाणी कुणाच्या शेतात जाते यावर मजुराच्या हाताला काम मिळणार की नाही हे ठरते, असे ते सांगत. कोरड्या पाथर्डी-शेवगावातून माणसे कोयता घेऊन का निघतात, याचे उत्तर त्यांच्या मांडणीतच आहे.

ऊसतोडीचा मजूर म्हटला की बीडचे नाव आधी येते, आणि आष्टी, पाटोदा, गेवराई, धारूर इथून सर्वाधिक टोळ्या निघतात हे खरेच आहे. पण बीडकडच्या डोंगराच्या अलीकडच्या अंगाला पाथर्डी आणि शेवगाव हे नगरचे तालुके आहेत. कालव्याचा सोनई-राहुरी पट्टा मजूर बोलावतो आणि डोंगराकडचा पट्टा मजूर पाठवतो. दोन्ही एकाच जिल्ह्यात. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते.

त्यांच्या कामाची व्यवस्था नीट समजून घेतल्याशिवाय त्यांचा संप समजत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. पावसाळ्यात मुकादम गावात येतो आणि कोयत्यामागे उचल देतो. लग्न, दवाखाना, बी-बियाणे, घराचे पत्रे, सगळे त्या उचलीतून होते. उचल घेतली म्हणजे येत्या हंगामाची मजुरी आधीच खर्च झाली. थंडीत पहाटेच्या अंधारात दोघे फडावर जातात. पुरुष बुडखा धरून ऊस तोडतो, बाई पाचट काढते, वाढ्याने मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पाचटाने हाताला चरे पडतात. लहान मूल फडाच्या कडेला उसाच्याच सावलीत झोपवलेले असते. दुपारनंतर टायरगाडी भरून कारखान्याकडे निघते आणि केनयार्डात नंबर लागेपर्यंत गाडीवान थांबून राहतो, कधी कधी रात्रभर. इकडे बाई वाढ्यांचे भारे विकून मीठ-मिरचीची सोय करते. जेवढे टन काट्यावर उतरले तेवढीच मजुरी, आणि तीही हातात येत नाही. ती उचलीतून वळती होते.

हिशेब मांडून पाहिला तर दराच्या मागणीचा अर्थ लगेच कळतो. समजा एका कोयत्याने ८० हजार रुपये उचल घेतली आहे आणि दोघे मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडतात. टनाला २७४ रुपये दर असेल तर दिवसाचे ५४८ रुपये होतात आणि नुसती उचल फिटायला १४६ दिवस लागतात. दर ३६६ रुपये झाला तर दिवसाचे ७३२ रुपये होतात आणि ११० दिवस पुरतात. मधल्या खर्चीसाठी घेतलेले पैसे यात धरलेलेच नाहीत. हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांचा असेल, तर पहिल्या दराने कुटुंब अंगावर ‘बाकी’ घेऊन गावी जाते आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाच्या टोळीत यावे लागते. दुसऱ्या दराने निदान सुटका दिसू लागते. हे दोन्ही दर खरे आहेत. २०२० च्या करारात १४ टक्के वाढ होऊन दर सुमारे २७४ रुपयांवर आला. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाली आणि तो ३६६ च्या आसपास गेला.

उचल घेतलेला मजूर हंगामाच्या मध्यात कोयता खाली ठेवू शकत नाही. तो घरापासून लांब असतो, कर्जात असतो, कोपी कारखान्याच्या हद्दीत असते. म्हणून ऊसतोड कामगाराचा संप कारखान्याच्या दारात होत नाही. तो गावात होतो, निघण्याआधी. बॉयलर पेटलेला असतो आणि गव्हाणीत टाकायला मोळी नसते. ‘दर ठरल्याशिवाय कोयता उचलायचा नाही, गाव सोडायचे नाही’ ही हाक नवरात्राच्या सुमारास दिली जाते. गाड्या अडवायला रस्त्यांवर कार्यकर्ते उभे राहतात. घरी असलेल्या मजुराची ताकद हंगामात असलेल्या मजुरापेक्षा कितीतरी जास्त असते, ही गोष्ट या संघटनांनी अनुभवातून ओळखली.

या चळवळीत पाथर्डीचे बबनराव ढाकणे हे महत्त्वाचे नाव. ऊसतोड मजुरांना संघटित करत ते विधानसभेत गेले, पुढे केंद्रात मंत्री झाले. बोधेगावचा केदारेश्वर साखर कारखाना त्यांनी उभारला. तोडणाऱ्यांचाही एक कारखाना असावा ही त्यामागची कल्पना होती. गोपीनाथ मुंडे यांनी या मजुराला राज्याच्या राजकारणात आवाज दिला. पाथर्डी तालुक्यातील भगवानगडावर दसऱ्याला त्यांचा मेळावा भरत असे. टोळ्या निघण्याचा आणि दसऱ्याचा मुहूर्त जवळचा असल्याने गडावरचे भाषण हीच संपाची किंवा कराराची घोषणा ठरायची. कारखान्यांच्या बाजूने शरद पवार आणि मजुरांच्या बाजूने मुंडे, असा लवाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये मुंडे यांचे निधन झाले. त्यानंतर बोलणी त्यांच्या कन्या पंकजा मुंडे यांच्याकडे आली. डाव्या पक्षांच्या संघटनांचाही या मागण्यांत सतत वाटा राहिला आहे.

या संघटनांच्या रचनेत एक पेच पहिल्यापासून आहे. त्यांत मजूर आणि मुकादम दोघेही असतात. दराच्या वाढीबरोबर मुकादमाचे कमिशनही त्याच करारात ठरते. २०२४ मध्ये ते १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. मुकादमाशिवाय गाव बंद राहत नाही, कारण टोळी त्याच्या शब्दावर चालते. पण वही त्याच्याच हातात असते. खाडा तोच लावतो, बाकी तोच काढतो. अनेकदा त्याने स्वतः कधीकाळी कोयता धरलेला असतो आणि टोळी पळाली तर तोही कर्जात बुडतो. तरीही वसुलीसाठी मजुराला डांबून ठेवल्याचे प्रकार घडतात, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची आठवण तेव्हाच होते. मजुरीचा दर वाढवायला मुकादम चालतो. वहीतला हिशेब मजुराला दाखवा, ही मागणी मात्र त्याच्या बरोबरीने उभे राहून करता येत नाही. म्हणून ती मागेच राहिली.

कायद्यानेही या मजुराला फार साथ दिली नाही. कारखाना म्हणतो, करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी होता. बीडहून सोनईला आलेला मजूर महाराष्ट्रातच राहतो, म्हणून त्याला तो लागू नव्हता. त्यातही बाईचे नाव कुठेच नसते. कोयत्याच्या निम्म्याहून अधिक कामाला तिचे हात लागतात आणि मजुरी नवऱ्याच्या नावावर पडते. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कामगार चळवळीच्या इतिहासात हा आकडा वेतनकरारांच्या आकड्यांशेजारी लिहायला हवा. तो आरोग्याचा प्रश्न आहेच, आणि कामाच्या अटींचाही आहे.

साखरेबाहेरही जिल्ह्यात संघटना झाल्या. नगर आणि संगमनेरचे विडी कामगार म्हणजे बहुतांशी स्त्रिया. घरी बसून पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा आणि हजारावर मजुरी घ्यायची. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेपेच्या कामगारालाही कामगार मानले, हे त्यांच्या लढ्याचे फळ. नगरच्या बाजार समितीत हमाल पंचायत उभी राहिली आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर पोती वाहणाऱ्याला मंडळाचे संरक्षण मिळाले. ऊसतोड मजुरासाठी माथाडीसारखे मंडळ करा, ही मागणी तिथूनच आली. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एसटीच्या दीर्घ संपात जिल्ह्यातील आगारे महिनोन्‌महिने ओस पडली.

जिल्ह्यातील सर्वांत गाजलेला संप मात्र कामगारांनी केलेला नाही. गोदाकाठच्या पुणतांबे गावाने २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेत ठरवले की १ जूनपासून शेतकरी संपावर जाईल. दूध डेअरीला घालायचे नाही, भाजी बाजारात न्यायची नाही. मालक असलेला माणूस संपावर कसा जाणार, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. पण साखर पट्ट्यात हा प्रश्न तितका विचित्र वाटत नाही. इथला शेतकरी कारखान्याचा सभासद म्हणून मालक असतो, दुधाच्या भावापुढे मजुराइतकाच हतबल असतो आणि कामगाराची द्वारसभा त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. १ जूनला खरोखरच गाड्या थांबल्या. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलून काही नेत्यांनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, त्यावरून फूट पडली, आणि उरलेल्यांनी सुकाणू समिती नेमून लढा पुढे नेला. २४ जूनला सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. संप हा शब्द कामगाराकडून शेतकऱ्याने घेतला, आणि दोन-तीन दिवसांत त्याच्या वाट्याला फुटीचा जुना अनुभवही आला.

पुन्हा ऊसतोड मजुराकडे येऊ. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये त्यासाठी द्यायचे आणि तेवढीच भर शासनाने घालायची, अशी त्याची योजना आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे सुरू झाली. आईबाप फडावर गेले तरी मूल शाळेजवळ राहावे, हा त्यांचा हेतू. पूर्वीच्या साखरशाळा कारखान्यावर भरत. आता मुलाला गावीच ठेवायचा विचार पुढे आला आहे. ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचे कामही हाती घेतले गेले. हजेरीपटावर कधीच नसलेले नाव सरकारी कागदावर येण्याची ही सुरुवात आहे.

दरम्यान फडात हार्वेस्टर आला आहे. रुंद सरीच्या, मोठ्या, सपाट रानात तो माणसांच्या कित्येक टोळ्यांचे काम एका दिवसात करतो. लहान तुकड्यांत, ओल्या रानात, बांधांच्या गर्दीत तो चालत नाही. तिथे अजून कोयताच लागतो. कारखान्यांना मजुरांची टंचाई भासते म्हणून यंत्रे वाढत आहेत, आणि यंत्रे वाढली की गावात थांबून दर मागण्याची ताकद तेवढी कमी होते. कारखान्याच्या आतही कायम कामगार निवृत्त झाला की त्याच्या जागी कंत्राटी माणूस घेतला जातो. भोंग्यावर येणारा हा नवा कामगार हजेरीपटावर नसतो. त्याचेही नाव ठेकेदाराच्या वहीत असते.